त्याने माझं नाव पुढे केलं

शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. "हे चहा घेता घेता एकदम गप्प झालेत. उजवा हात हलत नाहीये... तुम्ही या." मी गेलो. चौथ्या दिवशी मोहन गेला. त्याला आता सहा आठवडे होतील. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, हे मला कळतं. पण माझा राग गेलेला नाही.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. मी सदाशिव पेठेतल्या वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात बसलो, तो खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायला लागला. केसाएवढा फरक त्याच्या नजरेतून सुटत नसे आणि याचा त्याला भयंकर माज होता. निवृत्तीनंतर दर शनिवारी स्कूटर फूटपाथला लावून दुकानात यायचा, चष्मा काढून काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या वैद्यबुवा, तुमचं पाप धुवा." मी काचा पुसायचो, स्क्रू आवळायचो. एवढासा डाग राहिला तरी गिऱ्हाइकांसमोर माझी लाज काढायचा. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या डाव्या काचेवर चांगला लांब चरा पडला होता. मी म्हटलं, "बदलून देतो." तर म्हणाला, "असू दे रे, आता कुठं मुलगी बघायला जायचंय?" मी हसलो. चष्म्याच्या धंद्यात आयुष्य घालवलेला माणूस मी... हसलो.

तो चरा त्याला दिसतच नव्हता. हे मला कळलं हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई त्याचा डोळा आतून बघून बाहेर आल्या. म्हणाल्या, डाव्या डोळ्याच्या पडद्याला रक्त नेणारी धमनी काही महिन्यांपूर्वीच बंद पडलेली दिसते, त्या डोळ्याने त्यांना जवळजवळ काहीच दिसत नसणार. मानेतल्या धमनीत चरबी साठली की तिचे कण सुटून वर जातात, काही डोळ्यात अडकतात, काही मेंदूत. "त्याआधी कधी पाच-दहा मिनिटं त्या डोळ्यापुढे अंधार येऊन जायचा का? दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात."

"यायचा ना," वहिनी म्हणाल्या. "वरून काळा पडदा उतरल्यासारखा, आणि परत जायचा. मी मागेच लागले होते डॉक्टरकडे चला म्हणून. पण ह्यांनी या अरविंदभावजींना डोळा दाखवला होता. नंबर वाढलाय, बाकी काही नाही, असं सांगितलं ना तुम्ही?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घातली. आत तो शेवटच्या घटका मोजत होता, अशा वेळी त्याच्या बायकोला 'तुमचा नवरा खोटं बोलला' असं कसं सांगणार?

त्याने असं का केलं याचा मी पुष्कळ विचार केला. त्याला स्कूटर सोडायची नव्हती, हे एक. आपले डोळे दगा देतायत हे त्याला सहन झालं नसणार, हे दुसरं. तेही मी समजून घेतलं असतं. पण बायकोला गप्प करायला त्याने माझं नाव वापरलं, ते मला समजून घेता येत नाही. मी डॉक्टर नाही, पण असला अंधार म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. एका शब्दाने बोलला असता, तर मी त्याला कॉलर धरून त्याच दिवशी मानेच्या तपासणीला नेलं असतं. वाचला असता की नाही, देव जाणे. पण मला तेवढी संधी द्यायला काय हरकत होती? दर शनिवारी तासभर माझ्यासमोर बसून तो चहा पीत होता आणि घरी जाऊन माझ्या तोंडी नसलेले शब्द सांगत होता. माझ्या चांगल्या नावाचा त्याने असा उपयोग केला.

चौदाव्याला वहिनींनी मला पानावर आग्रह केला. मग हळूच म्हणाल्या, "मी तुम्हाला दोष देत नाही हो, भावजी. माणसाकडून चूक होते." त्यांच्या आवाजात जराही कडवटपणा नव्हता. तेव्हाही मी बोललो नाही. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलेलो नाही, आणि त्यांना वाटत असणार, मी शरमेने येत नाही.

आयुष्यभर मी मोहनची बाजू घेतली, पण ही एक गोष्ट मला त्याच्यासाठी गिळता येत नाही. वहिनी ही पुरवणी वाचतात, म्हणून इथेच सांगतो. वहिनी, त्याने मला डोळा कधीच दाखवला नव्हता.