सहा टक मागं

वहिनींचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला बिजागरी कडकच का घ्यावी, हे समजावून सांगत होतो. "दाजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. गिऱ्हाईक निघून गेलं तरी मी बिजागरी हातात धरून तसाच उभा... 'हे' म्हणजे शिवाप्पा. माझ्या बायकोचे, शांताचे, थोरले भाऊ. नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं. त्यांना माती देऊन आलो त्याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात दुकानात एकाही माणसाला मी 'कडक घ्या' असं म्हणालेलो नाही.

शिवाप्पांना एक खोड होती. कुठलीही गाडी दिसली की तिच्या कोपऱ्यावर तळहात ठेवून ते जोरात दाबायचे, सोडायचे आणि मान तिरकी करून बघायचे. गाडी एकदा वर येऊन गप बसली तर खूश. दोनतीनदा हिंदकळली तर तोंड कडू. माझ्या लग्नात वरातीची जीपही त्यांनी अशीच दाबून बघितली, मी मुंडावळ्या बांधून आत बसलेला असताना. "नवरदेव बरा दिसायलाय, गाडी सैल हाय," हे त्यांचं माझ्याविषयीचं पहिलं मत. तेव्हापासून त्या घरात लहानथोर सगळ्यांचा मी दाजी झालो, आणि दाजीला नाव ठेवायचं नाही हा त्या घरचा कायदा. त्या कायद्याचा मी किती गैरफायदा घेतला, ते आता सांगतो.

लातूर नवा जिल्हा झाला होता. गावात जो तो उगाच ताठ चालायचा, मीही. त्यात पावसानं दगा दिलेला. मुरुडजवळचा एक पाझर तलाव पार तळापर्यंत आटला, गुरांनाही चिखल उरला नाही. त्या कोरड्या तळात गाड्यांची शर्यत लावायची, असं आम्हा काही रिकामटेकड्या व्यापारी पोरांनी ठरवलं. कोणाच्या सुपीक डोक्यातून हे निघालं ते विचारू नका, माझ्याच. "तळ्यात पाणी न्हाई म्हणून मोटारी सोडायलाव व्हय रे?" असं तिथल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं. तेव्हा हसलो. 

माझ्याकडे एक जुनी फियाट होती. ती शर्यतीजोगी करून द्या म्हणून मी नांदेडला शिवाप्पांकडे गेलो. त्यांनी इंजिनकडे बघितलंही नाही. चारी कोपरे दाबले आणि म्हणाले, "दाजी, पळायचं काम कोणतीबी गाडी करती. वळणावर जमीन धरून ऱ्हायाचं काम शॉकअपचं. हैदराबादला चला." तिथं त्यांच्या ओळखीचे एक शौकीन सेठ होते. स्वतःच्या दोन शर्यतीच्या गाड्या ठेवणारे, आणि मागच्या खोलीत सुट्या सामानाचा ढीग. त्यात कमीजास्त कडक करता येणारे शॉकअप होते, म्हणजे बुडाशी एक कळ असते, ती फिरवली की 'टक' असा आवाज होतो आणि शॉकअप एक पायरी घट्ट किंवा सैल होतो. माझी नजर गेली ती लालभडक, दोन दोन कळा असलेल्या जोड्यांवर. शिवाप्पांनी उचलले ते काळपट, एकाच कळीचे चार.

"अहो, ते लाल बघा की," मी म्हणालो.

"ते डांबरी सडकेवर पळणाऱ्या गाडीचे. आपल्याला भेगाळलेल्या गाळावर पळायचंय. आन् जितक्या कळा तितके कान पिळायचे. एक कळ समजली तरी लई झालं."

मी म्हणालो, मग स्प्रिंग आणि यात फरक काय? त्यांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "स्प्रिंग म्हणजे तुमी. दाबलं की उसळणार. शॉकअप म्हणजे आमची शांता. ती उसळी जिरवती." सेठ पोट धरून हसले. मग मात्र हसू आवरून त्यांनी शिवाप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्त्री, चारों ले जाव. शर्यत कू मैं खुद आतूं. गाडी सीधी दौडी तो मेरे पास आ जाव. मेरे दोनों गाड्यां तुमारे हवाले." परतीच्या रेल्वेत शिवाप्पा ते चार शॉकअप मांडीवर घेऊन बसले होते, नव्या बाळासारखे. रिक्षा आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्याच्या हाताची पारख असणारा कोणीतरी पहिल्यांदा भेटला होता. निजामाबाद मागं पडलं. मग एकदम म्हणाले, "दाजी, आपल्याला पयलं यायचं न्हाई. गाडी सरळ ऱ्हायली पायजे, बस."

शर्यतीच्या आधी ते चार दिवस मुरुडला येऊन राहिले. रोज तलावात गाडी फिरवायची, थांबायची, खाली झोपून कळ फिरवायची, परत फिरवायची. शेवटी म्हणाले, "पार कडक करून मग सहा टक मागं. हेच्यावर जमीन बोलाय लागली." आणि चारी कळांवर व शेजारी शॉकअपच्या नळीवर पिवळ्या रंगाचे ठिपके दिले, समोरासमोर. का दिले ते मी विचारलं नाही. खूण असेल म्हटलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सेठ आले. शिवाप्पा त्यांना चहाला घेऊन गेले आणि मी गाडीपाशी एकटा उरलो. इतर गाड्यांचे मालक माझी गाडी हलवून बघत होते. "डुलायली की हो! म्हशीवर बसायलाव का मोटारीत?" एकानं विचारलं, बाकीचे खिदळले. आता मी पडलो तीन पिढ्यांचा हार्डवेअरवाला. आमच्याकडे सैल वस्तू म्हणजे संध्याकाळी परत येणारी वस्तू. स्क्रू असो, कडी असो, कडक तितकं पक्कं, ही आमच्या घराण्याची गीता. मी खाली सरकलो आणि चारी कळा शेवटापर्यंत आवळल्या. टक, टक, टक... वर येऊन त्या लोकांना म्हणालो, "आता हलवून दाखवा." हलली नाही. माझी छाती फुगली.

पहिल्या सरळ पट्ट्यावरच दात वाजायला लागले. भेगाळलेल्या गाळावर चाकाला जमीन धरायला उसंतच मिळेना, गाडी चिमणीसारखी टुणटुण उड्या मारत निघाली. वळण आलं. मी चाक वळवलं, गाडी वळली नाही. फक्कीची रेघ ओलांडून आम्ही दोघं, मी आणि फियाट, काढून ठेवलेल्या गाळाच्या ढिगात शिरलो. मला खरचटलंसुद्धा नाही. फक्त हॉर्न अडकला आणि तो थांबेना, त्यामुळे ज्यांनी बघितलं नव्हतं त्यांनीही येऊन बघितलं.

शिवाप्पा धावत आले. आधी मला चाचपलं. मग सवयीनं गाडीच्या कोपऱ्यावर तळहात ठेवून दाबलं. कोपरा खाली गेलाच नाही. त्यांचा हात तिथंच थांबला... त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हॉर्नकडे बघत होतो.

मागून सेठ आले. "मिस्त्री, सेटिंग किस की थी?"

आजूबाजूला पन्नास माणसं, त्यात माझ्या गावची निम्मी. मी तोंड उघडायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. शिवाप्पा म्हणाले, "मेरी थी, सेठजी. जमीन का अंदाज चुक गया."

सेठ वाईट बोलले नाहीत. "होता है," म्हणाले, "शॉकअप तुमीच रख लेव." आणि गाडीत बसून गेले. बोलावणं कधी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नांदेडला त्यांच्या घरी जेवायला बसलो. पहिला पाट माझा. हुग्गीवर, म्हणजे गव्हाच्या खिरीवर, तूप वाढलं ते शिवाप्पांनी स्वतःच्या हातानं. माझ्यासमोर बसून त्यांनी एकच विचारलं, "दाजी, गाडी चालवताना काय वाटलं?" आज कळतं, ते दार उघडून उभे होते. मी म्हणालो, "उजवीकडं ओढत होती." त्यांनी मान हलवली आणि आणखी तूप वाढलं. पुढं सारी हयात त्यांनी रिक्षा आणि ट्रॅक्टर दुरुस्त केले. मी नवी गाडी घेतली की कोपरा दाबायचे, "बरी हाय" म्हणायचे, आणि माझ्या तोंडाकडे क्षणभर जास्त बघायचे. मी हवापाण्यावर बोलायचो.

मागच्या आठवड्यात शांताला घेऊन नांदेडला गेलो. ती आत शेजारणींत बसली आणि वहिनी मला गॅरेजमध्ये घेऊन गेल्या. हत्यारं जागच्या जागी, आणि भिंतीवर चार खिळ्यांना फियाटचे उतरवलेले ते चार काळपट शॉकअप टांगलेले. जवळ गेलो. पिवळे ठिपके समोरासमोर नव्हते. चारी ठिकाणी सारखेच दूर सरकलेले, मी आवळून ठेवलेले तसेच.

"हे दर आमुशाला पुसायचे," वहिनी म्हणाल्या. "पण कळ कुणाला हलवू द्यायचे न्हाईत. म्हनायचे, ते दाजींचं काम हाय. येतील कधी तर तेच करतील."

मी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी फिरवल्या होत्या."  पदराला हात पुसून त्यांनी पहिला शॉकअप खिळ्यावरून काढला आणि माझ्या हातात दिला.

सहा टक मागं. ठिपका ठिपक्याला भिडला. दुसरा. तिसरा. चौथ्याची कळ गंजून बसली होती, माझ्या हातानं हलेना. "ऱ्हाऊ द्या, आज न्हाई सुटायची," वहिनी म्हणाल्या. मी तो पुसला आणि परत खिळ्याला लावला. शांताला अजून सांगितलेलं नाही. वर्तमानपत्राची ही पुरवणी आमच्या घरी येते, त्यात ती हे वाचील. येत्या शनिवारी तेलाची कुपी घेऊन नांदेडला जायचं आहे.