हीटरबाईचा वाफारा

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे हीटर म्हणायचे. डिझेलचं इंजिन थंडीत चालू व्हावं म्हणून त्यात बोटाएवढा हीटर प्लग असतो. किल्ली फिरवली की पाच-सात सेकंदांत तो लाल होतो. बाईला तेवढाही वेळ लागायचा नाही. एकोणतीस वर्षं तिने त्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडली आणि मिटली. स्वतःची चूक असली तर ती आपणहून सांगायची आणि जेवणाची सुट्टी मोडून दुरुस्त करायची. चूक नसली तर मात्र समोर मॅनेजर असो नाहीतर मॅनेजरचा बाप, ती जागची हलायची नाही.

मधमाश्यासुद्धा तिला भांडणातूनच मिळाल्या. डेपोमागे एक भंगार बस उभी होती, तिच्या बॅटरीच्या कप्प्यात एके दिवशी मोहोळ येऊन बसलं. मॅनेजरने फर्मान काढलं, डिझेलचा बोळा पेटवा आणि टाका जाळून. ही म्हणाली, "साहेब, भंगारात बस निघालीय. माश्या नाही निघाल्या." सुट्टीत तिने आपली हत्यारांची पेटी रिकामी केली, मोहोळ हलक्या हाताने तीत उतरवलं, झाकणाला जाळी लावली आणि संध्याकाळी ती पेटी मांडीवर घेऊन बसच्या मागच्या सीटवर बसून घरी आली. आजूबाजूच्या चार सीट आपोआप रिकाम्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तिचा डावा गाल भजीसारखा फुगला होता, तरी आठच्या ठोक्याला ती कामावर हजर होती.

निवृत्त झाली तेव्हा घरामागच्या उतारावर एकोणीस पेट्या झाल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. खालच्या मजल्यावर धाकटा दीर राहायचा. तो शिंपी होता आणि स्वभावाने इतका मवाळ की गिऱ्हाइकाने उलटी बटणं लावायला सांगितली तर तशीही लावून दिली असती. बाईचं माश्यांवर प्रेम होतं हे कुणाला सांगायला नको. ती पेटीशी वाकून बोलायची, आणि माणसांशी बोलताना कधी न लागणारा सूर तिला तिथे लागायचा.

मग माइट आले. टाचणीच्या डोक्याएवढी तांबडी गोचीड, माशीच्या अंगाला चिकटून तिला आतून खाणारी. एका थंडीत बाईच्या पाच पेट्या रिकाम्या झाल्या. चुरगळलेल्या पंखांच्या कोवळ्या माश्या पेटीखाली गवतात चालत फिरायच्या, कारण त्यांना उडता येत नव्हतं. त्या दिवशी बाई पायरीवर बसून रडली. दिराने वहिनीला पहिल्यांदाच रडताना पाहिलं, आणि काय करावं न सुचून तो आत जाऊन चहा करून घेऊन आला.

मधपाळ संघाचे अध्यक्ष औषधाचे दुकानदार होते. त्यांनी सगळ्यांना औषधाच्या पट्ट्या दिल्या, वर्षातून एकदा पेटीत लटकवायच्या. बाईने लटकवल्या. माइट त्या पट्ट्यांवरून आरामात चालत गेले. हे तिने बैठकीत उभं राहून सांगितलं तेव्हा अध्यक्ष हसले. म्हणाले, "ताई, इंजिन वेगळं आणि जीव वेगळा."

हे वाक्य तिच्या मनाला लागलं. पुढचे दोन महिने तिने मिळेल ते वाचून काढलं. ऑक्झॅलिक अॅसिडचे पांढरे खडे मधमाश्यांसाठी म्हणून मिळतात. ते नीट बेताने तापवले की त्यांची वाफ होते, ती पेटीभर पसरते आणि माशीच्या अंगावर बारीक भुकटीसारखी बसते. माशीला तिचं फारसं काही होत नाही, माइट मात्र मरून पडतो. तापवायचं यंत्र कसं असतं याचं चित्र पाहिलं आणि बाई एकटीच मोठ्याने हसली. तांब्याची एक लहान वाटी, तिच्या बुडाला हीटर प्लग आणि मागे बारा व्होल्टची बॅटरी. एकोणतीस वर्षं जी वस्तू हाताळली तीच!

यंत्र तिने दोन दिवसांत केलं. पहिल्या खेपेला प्लग जास्त तापला, खडे करपले आणि नुसता घाण वास सुटला. मग तिने घड्याळ लावून ताप जमवला. नावाच्या भानगडीत ती पडली नाही. सर्दी झालेल्या माणसाला देतात तो वाफारा, तसाच हा माश्यांचा वाफारा. "फक्त यात आपलं डोकं घालायचं नाही," ती दिराला म्हणायची. त्या बाबतीत तिची शिस्त कडक होती. अॅसिडची वाफ गाळणारा मास्क, डोळ्यांवर डेपोतला जुना बंद चष्मा, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, आणि वारा पाठीमागून. दिराने पेटीचं तोंड बुजवायला जाड कापडाच्या गुंडाळ्या शिवून दिल्या. त्या ओल्या करून फटीत कोंबायच्या, यंत्र खालून सरकवायचं, अडीच मिनिटं ताप द्यायचा, मग दहा मिनिटं पेटी बंद ठेवायची. हे एकदा करून भागत नाही. मेणाच्या झाकणाआड पिल्लाबरोबर माइटही दार लावून बसलेला असतो, तिथे वाफ पोहोचत नाही. म्हणून दर पाचव्या दिवशी, चार वेळा.

आता डेपोतली एक सवय. गाडीचं काम झालं की काय काय काढलं ते बॉनेटवर खडूने लिहायचं, म्हणजे दुसऱ्या पाळीच्या माणसाला कळतं. बाईने तेच चालू ठेवलं. पेटीखाली तेल लावलेली पांढरी फळी असते. वाफाऱ्यानंतर तीन दिवसांत तिच्यावर मेलेले माइट किती पडले ते मोजून बाई पेटीच्या झाकणावर खडूने आकडा लिहायची. पहिल्या पेटीवर चारशे बारा. दुसऱ्या वाफाऱ्यानंतर त्याच्याखाली दोनशे तीस.

नेमके त्याच आठवड्यात अध्यक्ष कुंपणापाशी आले, सहज म्हणून डोकावले आणि आकडे बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. घरी जाईपर्यंत त्यांनी दोन्हींची बेरीजही केली. एका पेटीत सहाशे बेचाळीस माइट! संघाचा नियम त्यांनीच लिहिलेला होता. फळीवर पन्नासच्या वर माइट दिसले तर पेटी रोगट समजून जाळावी. तिसऱ्या दिवशी बाईच्या हातात नोटीस पडली. दोन आठवड्यांनी सोमवारी सकाळी सरकारी तपासनीस येतील, खात्री करतील आणि उरलेल्या चौदाच्या चौदा पेट्या आठ दिवसांत जाळल्या जातील.

"मेलेले मोजलेत यांनी," बाई नोटीस हलवत म्हणाली. "मी मारलेले माइट माझ्याच नावावर!"

तिने संघाच्या कार्यालयात जाऊन हे सांगितलं, तर अध्यक्ष म्हणाले, "मेलेले कुठून आले ताई? आत होते म्हणूनच ना? आमच्या फळ्या बघा, चार-पाचच्या वर एक नाही." यावर खोलीतले सगळे माना डोलावू लागले. बाई दार आपटून बाहेर पडली.

त्या सोमवारी सकाळी ती उतारावर गेली तर दीर आधीच तिथे होता. त्याच्या हातात ओलं फडकं होतं. दोन झाकणं पुसून स्वच्छ झाली होती आणि तिसऱ्यावर हात चालू होता.

"भाऊजी, हे काय चाललंय?"

"वहिनी, रागावू नका. आकडेच नसले तर ते काय वाचणार? फळ्याही धुऊन टाकू. चौथा वाफारा होऊन आठवडा झालाय, आता कुठे काय पडतंय? स्वच्छ फळी बघतील आणि जातील. कशाला वाद?"

तो बोलत होता ते खोटं नव्हतं. फळ्या पुसल्या असत्या तर पेट्या वाचल्या असत्या. खरं सांगायचं तर बाई घाबरलेली होती. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि डोळे मिटले की तिला तोच डिझेलचा बोळा दिसत होता. पण त्या पुसलेल्या झाकणांकडे बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी केलेलं काम मीच पुसायचं? चोरी केलीय मी? आज मी पुसलं तर उद्यापासून प्रत्येक जण पुसेल. ज्याने माइट मारले तो फळी लपवेल, आणि ज्याने काहीच केलं नाही तो स्वच्छ फळी मिरवेल. द्या ते फडकं इकडे."

फडकं घेऊन तिने ते कुंपणावर फेकलं. मग खिशातून खडू काढला आणि पुसलेले आकडे पुन्हा लिहिले, यावेळी वीतभर उंचीचे. चारशे बारा. दोनशे तीस. शहाण्णव. अकरा. दीर बिचारा हात चोळत उभा राहिला.

तपासनीस तिशीची बाई होती. हातात फॉर्म, पायात चिखलाचे बूट. बरोबर अध्यक्ष आणि संघाचे दोन सभासद. फॉर्मवर एकच रकाना होता, फळीवरील माइट. तिने पहिला आकडा वाचला आणि पेन काढलं.

"चारशे बारा," अध्यक्ष मागून म्हणाले. "आणि खालचे मिळवून सातशे एकोणपन्नास."

"बेरीज छान येते तुम्हाला," हीटर म्हणाली. मग तपासनीसबाईकडे वळली. "मॅडम, हे मेलेले आहेत. प्रेतं मोजून आजारी किती ते कळत नाही. जिवंत मोजा. माझी एवढीच मागणी आहे, आणि ती पुरी झाल्याशिवाय या पेट्यांजवळ काडी आली तर ती आधी मला लागेल."

तपासनीसबाईने पिशवीतून जाळीच्या झाकणाची बरणी काढली. अर्धी वाटी माश्या बरणीत घेतल्या, साधारण तीनशे. त्यांच्यावर पिठीसाखर टाकली, बरणी हळूहळू फिरवली, मिनिटभर थांबली आणि पांढऱ्या ताटलीवर उलटी करून हलवली. साखरेने पाय घसरले की माइट जाळीतून खाली पडतात. ताटलीत साखर पडली आणि तिच्यात एक तांबडा ठिपका. एकच. दुसऱ्या पेटीत एकही नाही. तिसऱ्या पेटीत दोन. पांढऱ्या झालेल्या माश्या पेटीत परत गेल्या आणि घरच्यांनी त्यांना चाटायला सुरुवात केली. चौदाव्या पेटीपर्यंत दोनच्या वर आकडा गेला नाही.

"या पेट्या निरोगी आहेत," तपासनीसबाई म्हणाली. तिने तो रकाना सरळ रेघ मारून खोडला, शेजारी 'मेलेले' असं लिहिलं आणि खाली सही केली. दिराचा जीव भांड्यात पडला. तो चहा टाकायला निघालासुद्धा.

"थांबा भाऊजी," बाई म्हणाली. "मॅडम, बरणी अजून धुऊ नका. अध्यक्षांच्या पेट्या पलीकडच्या गल्लीत आहेत. माझ्या माश्या आणि त्यांच्या माश्या त्याच झाडांवर जातात, तिथून माइटही इकडचे तिकडे होतात."

अध्यक्ष म्हणाले, काही गरज नाही, आपल्या फळ्या स्वच्छ आहेत. पण त्यांचे दोन सभासद आधीच चालायला लागले होते. बाईने बॅटरी, यंत्र, खड्यांचा डबा, गुंडाळ्या आणि मास्कची पिशवी उचलली आणि मागोमाग गेली.

अध्यक्षांच्या पेट्या बावीस होत्या, रंगवलेल्या, ओळीत मांडलेल्या. फळ्यांवर खरंच तीन-चार ठिपके होते. तपासनीसबाईने बरणी फिरवली. ताटलीवर साखर पडली, आणि माइट पडतच राहिले. अडतीस. दुसऱ्या पेटीत सेहेचाळीस. अध्यक्ष गुडघ्यांवर बसले आणि ताटलीत चालणारे तांबडे ठिपके बघत राहिले. पेटीखाली गवतात चुरगळलेल्या पंखांची एक माशी वर चढायची धडपड करत होती. ती त्यांनी बोटावर घेतली.

"मग आता नियमाप्रमाणे..." सभासदांपैकी एक जण चाचरत म्हणाला. "म्हणजे, जाळायच्या?"

सगळे हीटरकडे बघू लागले. एवढ्या महिन्यांचा तिचा अपमान, बैठकीतलं ते हसू, ती नोटीस, सगळं तिला आठवलं. ती नुसती गप्प उभी राहिली असती तरी काम भागलं असतं. तिने बॅटरी पहिल्या पेटीशेजारी आदळली.

"कुणी काही जाळायचं नाही. ना माझ्या, ना यांच्या. बसमधल्या माश्या जाळू दिल्या नाहीत, तर या जाळू देईन होय? नियम कागदावर लिहिलाय ना, तो कागद जाळा हवा तर."

"ताई," अध्यक्ष म्हणाले. "मी तुमच्या पेट्या जाळायला निघालो होतो."

"हो. निघाला होतात. ते मी विसरणार नाही, आणि तुम्हालाही विसरू देणार नाही." तिने पिशवीतून दुसरा मास्क काढून त्यांच्या हातात दिला. "या खड्यांची एक चिमूट जरी माझ्याकडून करपली तर सांगा. आधी हा तोंडावर चढवा, मग त्या फटी बुजवा. बावीस पेट्या आहेत, दिवस जाणार आहे."

अध्यक्षांनी मास्क चढवला. पट्टा उलटा लागला होता. हीटरने तो खसकन ओढून सरळ केला आणि प्लग चालू केला.