पंचकल्याणीचा मुजरा

सुभानराव जगतापांची आणि माझी पहिली भेट झाली, त्या दिवशी बडोद्याच्या पाणीगेटमधली यच्चयावत कबुतरं एकदम उडाली ती संध्याकाळपर्यंत खाली उतरली नाहीत. मी गल्लीत नुकताच राहायला आलो होतो आणि टेम्पोतून कपाट उतरवून घेत होतो. वळणावरून आधी मिशा आल्या. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मग एक स्कूटर आली आणि सर्वांत शेवटी, आपल्याच मिशांच्या मागून, सुभानराव आले. रस्त्यात माझा टेम्पो आडवा. ब्रेक दाबायचं सोडून या गृहस्थांनी हँडल छातीकडे खेचलं आणि "होऽ, होऽ, होऽऽ बेटा!" अशी काही आरोळी ठोकली, की भजीवाल्याच्या झाऱ्यातली भजी घाबरून परत कढईत गेली, गल्लीतली कुत्री देवळामागे रांगेत जाऊन बसली आणि चार हमालांना न हलणारं माझं कपाट आपण होऊन खाली उतरलं. स्कूटर थांबली. सुभानरावांनी तिच्या दिव्यावर दोनदा थोपटलं, खिशातून गुळाचा खडा काढला, तो स्वतःच खाल्ला आणि मला म्हणाले, "घाबरू नका. जनावर शांत आहे."

हे समजून घ्यायला जगतापांचं घराणं समजून घ्यावं लागतं. त्यांचे आजोबा धनाजीराव बडोद्याच्या जुन्या संस्थानी घोडदळात शिलेदार होते. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला उभा राहणारा. सरकारने दिलेल्या घोड्यावर बसतो तो बारगीर. घोडदळ जाऊन पाऊण शतक लोटलं, सुभानरावांची स्वतःची हयात रसायनांच्या कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात गेली, तरी त्यांच्या घरात 'बारगीर' ही अजून शिवी आहे. रिक्षातून उतरणाऱ्या पाहुण्याला त्यांच्याकडे चहा मिळतो, पण साखर जरा बेताची.

आणि या सगळ्याचा कळस म्हणजे दसरा. दसऱ्याला जगतापांच्या घरातल्या कर्त्या पुरुषाने स्वतःच्या जनावरावर बसून विश्वामित्री नदी ओलांडायची, पलीकडे अकोट्याला भाऊबंदांच्या अंगणात आपट्याची पूजा करायची आणि सोनं घेऊन परत यायचं. दारात घरधनीण उभी. ती जनावराच्या पायांवर पाणी घालणार, त्याला ओवाळणार, मगच सोनं वाटायचं. अट एकच: जनावर स्वतःच्या पायांनी उंबऱ्यापर्यंत आलं पाहिजे. धनाजीरावांचा घोडा आला. सुभानरावांच्या वडिलांची सायकल येत असे. एका वर्षी ती पुलावर पंक्चर झाली आणि वडील तिला खांद्यावर घेऊन आले, तर त्या वर्षी दसरा झालाच नाही असं धरून घरात सोनं वाटलं नाही. वडिलांना खांदा दुखल्याचं दुःख नव्हतं. घोड्याने धन्याला घेऊन यायचं असतं, धन्याने घोड्याला नाही, याचं होतं.

सुभानराव निवृत्त झाले, स्कूटर त्यांच्याआधीच निवृत्त झाली होती, तेव्हा इंदिराबाई म्हणाल्या, "आता एखादी लहानशी जुनी गाडी बघा. भाजीच्या पिशव्या मावतील एवढी." इंदिराबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. जगतापांच्या घरात आवाज सुभानरावांचा आणि निर्णय इंदिराबाईंचा, अशी कामाची सुरेख वाटणी आहे. म्हणून सुभानराव छाणी रस्त्यावर जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेले. मला गाड्यांतलं काही कळत नाही, म्हणून सल्ल्यासाठी मला बरोबर घेतलं.

लहान गाड्या पुढे होत्या. सुभानराव त्यांच्याकडे न बघता थेट कोपऱ्यात गेले. तिथे एक पंधरा वर्षांची जर्मन गाडी उभी होती. काळी कुळकुळीत, लांबीला एखाद्या छोट्या बंगल्याएवढी, आत कातड्याच्या गाद्या. दलाल धावत आला.

"काका, एकच मालक. डॉक्टर होते. फक्त रविवारी काढायचे."

सुभानराव ऐकतच नव्हते. ते डाव्या बाजूने गाडीला फेरी घालत होते. चाकांपाशी वाकले. चारही चाकं चंदेरी. पुढे आले. तोंडावरची जाळी चंदेरी. त्यांनी माझा दंड असा पकडला की अजून तिथे वळ आहे.

"काळं अंग, चारी पाय पांढरे, कपाळ पांढरं. अहो, पंचकल्याणी! अशा घोड्यासाठी लोक गाव गहाण टाकायचे!"

"इंजिन बघता ना?" मी म्हणालो.

"घोड्याचं इंजिन बघतात का कोणी? लक्षणं बघतात."

तरीही ते घेतीलच असं नव्हतं. पण दलालाने चहा मागवला आणि आम्ही गाडीसमोर बाकड्यावर बसलो. अर्धा कप झाला असेल. एक लांब सुस्कारा ऐकू आला, 'फुस्सऽऽ', आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या गाडीचं नाक सावकाश, अदबीनं, सुभानरावांच्या पायांकडे झुकत गेलं. मागचा भाग ताठ, पुढचा नम्र. सुभानरावांचा कप हवेतच राहिला.

"मुजरा केला," ते कुजबुजले. "धन्याला ओळखलं तिनं."

दलाल म्हणाला, "काका, ए तो जरा हवा..." आणि मग त्याने सुभानरावांचा चेहरा पाहिला. धंदेवाईक माणूस. वाक्य तिथेच गिळून म्हणाला, "...हवापाण्याचा फरक. ओळखलं तुम्हाला."

साडेपाच लाख. एक रुपयाची घासाघीस नाही. मुजरा करणाऱ्या जनावराचा भाव करत नाहीत म्हणे.

गल्लीत त्या दिवशी दिवाळी झाली. गाडी वळणावर दोनदा मागे-पुढे करून आत आली तेव्हा लोक गच्च्यांवर चढले होते. इंदिराबाईंनी दारातून एकदा गाडीकडे आणि एकदा भाजीच्या पिशवीकडे पाहिलं. "ही भाजी आणायला नाही, अख्खी मंडई आणायला घेतलीत," एवढंच बोलल्या.

दुसऱ्या सकाळी गाडी पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर बसलेली होती. सुभानराव खूश. "सकाळचा मुजरा!" इंजिन चालू केलं की ती घरघरत उठायची, रात्री पुन्हा बसायची. पाचव्या दिवशी ती उठेना, तेव्हा आम्ही मफतभाईंना बोलावलं.

मफत म्हणजे गुजरातीत फुकट. इतकं खोटं नाव मी दुसरं ऐकलेलं नाही. मोठ्या गाड्या दुरुस्त करणारा हा माणूस सेवउसळ खाता खाता तपासणी करतो आणि निदान सांगताना चेहरा असा करतो, की जवळच्या नातलगांना बोलावून घ्यावंसं वाटतं. त्यांनी गाडीला कॉम्प्युटर जोडला. पडद्यावर तक्रारी येऊ लागल्या त्या थांबेचनात.

"राव, आ गाडी नथी, हाथी छे," मफतभाई म्हणाले. "हिला पुढे स्प्रिंगा नाहीत. हवेच्या पिशव्या आहेत. बेउ पिशवीमां काणुं छे, दोन्हींना भोक. हवा जाते, गाडी बसते. पंप बिचारा दिवसभर हवा भरतो, मरेल एक दिवस."

"म्हणजे मुजरा?"

"मुजरा नाही, लीकेज."

सुभानराव मफतभाईंशी चार दिवस बोलले नाहीत.

पण बोलावं लागलंच. कंपनीच्या दुकानात एका पिशवीचा भाव सव्वा लाख सांगितला. मफतभाई जुन्या पिशवीला नवं रबर घालून चाळीस हजारांत बसवणार होते. दोन्ही बदला, असं ते हात जोडून सांगत होते. सुभानरावांनी डावीच बदलायला दिली. मला वाटलं पैशाचा प्रश्न असेल.

"छे! दोन्ही बदलल्या तर मुजरा बंद होईल. जनावराची चांगली सवय मोडू नये."

त्यामुळे गाडी तेव्हापासून फक्त उजवा खांदा झुकवून तिरका मुजरा करू लागली. एखाद्या रुसलेल्या सरदारासारखा.

मग बाकीची दुखणी निघाली. पाणी आटायचं. "पिते भरपूर, घामही दिसत नाही, मग जातं कुठं?" सुभानराव चिंतेत. इंजिनातला पाण्याचा पंप प्लास्टिकचा आणि त्याला चीर, पस्तीस हजार. झाकणाखालून तेल पाझरून गरम नळ्यांवर पडायचं आणि धुराचा वास यायचा. "घोडं तापलं की वास येणारच," सुभानराव म्हणाले. मफतभाईंनी अठरा हजारांचं रबर बदललं. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना गाडी असा हिसका द्यायची की मागे बसलेला माणूस पुढच्याच्या कानात बोलू लागायचा. त्याचं तेल बदलायला तीस हजार. सुभानरावांनी हौसेने रोज संध्याकाळी काथ्याच्या ब्रशने खरारा केला, तो रंगावर उमटला, पॉलिश वेगळं. प्रत्येक वेळी गाडी मफतभाईंकडून सुटून आली की गल्ली टाळ्या वाजवायची आणि सुभानराव तिच्या कपाळाला गुळाचं बोट लावायचे. मुंग्या झाल्या, त्यांचं औषध इंदिराबाईंनी किराण्यातून भागवलं.

गणपती गेले आणि इंदिराबाईंनी पोळपाट बाजूला सारला. जगतापांच्या घरात पोळपाट बाजूला सरला की कोर्ट भरतं.

"अहो ऐका. दसऱ्याला या तुमच्या पंचकल्याणीवर बसून अकोट्याला जा. सोनं घेऊन ती स्वतःच्या पायांनी दारात आली, तर मी तिला ओवाळीन आणि जन्मात तिच्याबद्दल शब्द काढणार नाही. नाही आली, तर विकायची."

सुभानरावांच्या मिशा थरथरल्या. "मान्य!" ते गरजले. बाहेर येऊन मला म्हणाले, "आजोबांनंतर या घराला घोडा मिळालाय हो. वडील सायकलवर गेले, मी स्कूटरवर. आता हा गेला, तर माझ्यामागे कोण आणणार?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज कबुतरं उडवण्याइतका नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी नऊ रात्रींच्या गरब्याने बडोद्याचे पाय दुखत होते, पण पोट जागं होतं. चौकाचौकात फाफडा-जिलेबीच्या रांगा. गाडीला झेंडूचे हार, चाकांखाली लिंबं, आरशाला धनाजीरावांच्या खोगिराची पाय ठेवायची लोखंडी रिकीब टांगलेली. मफतभाई पंपाला कान लावून बसले होते. "राव, उजवी बाजू बदलली असती तर..." "आज अशुभ बोलू नका!" सुभानराव फेट्यात, मी त्यांच्या शेजारी, हातात फोन. गल्लीच्या ग्रुपवर बातम्या देण्याची जबाबदारी माझी.

लिंबं चुरडली. गाडी निघाली.

'मांडवी पार,' मी लिहिलं. अंगठ्यांचा पाऊस. 'दांडिया बाजार पार.' 'पुलावर आहोत!' खाली विश्वामित्री, वर आम्ही, आणि गाडी अशी चालत होती जशी पंधरा वर्षं ती याच सकाळची वाट बघत होती. हिसका नाही, वास नाही, घाम नाही. सुभानराव रडत होते आणि ओरडत होते, "बघा! बघा चाल!" अकोट्याला अंगणात भाऊबंदांनी गाडीभोवती फेर धरला. पूजा झाली. सोनं घेतलं. 'परत निघालो,' मी लिहिलं, आणि इंदिराबाईंचं उत्तर आलं: 'तांब्या भरून ठेवलाय.'

पूल पुन्हा पार. दांडिया बाजार पार. मांडवीला फाफड्याच्या रांगेने रस्ता अडवला होता. आम्ही उभे राहिलो. उभे राहिलो. डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला. मग त्याच्या शेजारी दुसरा. आणि सुभानरावांची बाजू हळूहळू खाली जाऊ लागली.

"होऽ बेटा, आता नाही," सुभानराव गाडीला म्हणाले. "घरी गेल्यावर कर. घरी गेल्यावर."

गर्दी फुटली. तिरकी, लंगडी, गाडी पाणीगेटकडे धावली. गल्लीचं तोंड आलं. दारात इंदिराबाई, हातात ताट. दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवरून "आली! आली!" आणि गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक. पुढची चाकं चढून उतरली. मग खालून 'खर्र' असा आवाज झाला आणि गाडीचं पोट गतिरोधकावर टेकलं. मागून धुराची एक रेघ आली. पंप गेला होता. 'फुस्सऽऽ.' गाडीने इंदिराबाईंच्या दिशेने, साऱ्या गल्लीसमोर, आयुष्यातला सर्वांत खोल मुजरा केला.

हाकेच्या अंतरावर दार होतं.

"ढकलूया!" वीस माणसं धावली.

"खबरदार!" सुभानराव उतरले. "जगतापांचं जनावर ढकलायचं नाही."

मफतभाईंच्या हातातली जिलेबी तशीच राहिली. मग इंदिराबाई पायरी उतरल्या. ताट, तांब्या आणि रांगोळीचा डबा घेऊन त्या गतिरोधकापर्यंत चालत आल्या. गाडीच्या नाकासमोर वाकून त्यांनी रांगोळीची एक सरळ रेघ ओढली.

"आजपुरता उंबरा इथं," त्या म्हणाल्या. "आलं तुमचं जनावर. व्हा बाजूला."

त्यांनी चारही चाकांवर पाणी घातलं आणि पंचकल्याणीला ओवाळलं. अहो, काय जल्लोष झाला! गच्च्यांवरून झेंडू पडले, कुत्री नाचली, मफतभाईंनी गाडीच्या टपावर जिलेबी ठेवली. आम्ही सगळ्यांनी सुभानरावांपुढे हात पसरले. सुभानरावांनी आपट्याची पानं हातात घेतली, रांगोळीच्या रेघेकडे पाहिलं, मग लांब आपल्या दाराकडे पाहिलं, आणि पानं पुन्हा खिशात ठेवली.

"तुम्ही उंबरा पुढे आणलात," ते बायकोला हळूच म्हणाले. "घोडा नाही आला."

दिवाळीच्या आधी गाडी विकली. मफतभाईंनी ती सुट्या भागांसाठी घेतली. यंदा दसऱ्याला सुभानराव अकोट्याला रिक्षाने गेले.