चतुराबाईची गोफण

साखऱ्याच्या पलीकडे माळाला लागून एक वाडी आहे. तिथं चतुराबाईचं नाव काढून बघा. म्हातारी माणसं अजून बाजूला थुंकतात. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण वाडीनं तो नियम तिच्यापुरता गुंडाळून ठेवला. मला विचाराल तर तोंड घाण आहे ते वाडीचंच. तरी खरं ते खरं, बाई जिवंत असताना तिचं तोंडही काही तुळशीच्या पाण्यानं धुतलेलं नव्हतं.

चतुराबाई म्हणजे किसनरावाची थोरली भावजय. नवरा ऐन उमेदीत तापानं गेला. मूलबाळ नाही, माहेरी विचारणारं कोणी नाही. अशा बाईला त्या काळात घर नसायचं, कोपरा असायचा. तिला गोठ्याशेजारची पडवी मिळाली. धाकटी जाऊ मनकर्णा, किसनरावाची बायको, भाकरी आणून उंबऱ्यावर ठेवी आणि वर बोलून घेई, "नवऱ्याला खाल्लं, आता आमाला खायाला बसलीय." चतुराबाईही काही ऐकून घेणारी नव्हती. ती अशा शिव्या हासडायची की गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ थांबवायची.

मग हिला घरात ठेवली कशाला? गोफणीसाठी. पंचक्रोशीत तिच्यासारखी राखण करणारं माणूस नव्हतं. पौषात ज्वारी हुरड्याला आली की कुठून कोण जाणे, भोरड्यांचे थवे उतरायचे. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची पाखरं. एका रानावर बसली की घटकाभरात कणसं नागडी करून उठायची. किसनरावाच्या रानात मात्र मचाणासारख्या उंच माळ्यावर चतुराबाई उभी असायची. अंबाडीची गोफण तिनंच वळलेली, तिच्यातून फेकायचे गुंडेही तिनंच केलेले. आमच्या काळ्या रानात धोंडे कुठले? ती चिकणमाती मळून तळहातावर गोळे वळायची आणि चुलीच्या आरात भाजून घ्यायची. तिच्या तळहातावर जुन्या भाजल्याचा वाकडा व्रण होता. तो प्रत्येक गुंड्यावर उमटायचा.

तिचा नेम चुकत नसे. इतर राखणदार पाखरं उडवत, ही पाडायची. पाडलं की माळ्यावरून खाली उतरून बघून यायची. त्यात तिला सुख वाटायचं, हे लपवण्यात काही अर्थ नाही. घरचे तिला दिवसभर टोचत, वाडी टोचत होती. गोफण हातात आली की टोचायची पाळी तिची. किसनरावानं एकदा चारचौघांत स्पष्टच सांगितलं होतं, "रान राखती तवर पडवी तिची. रान गेलं तर पडवी बी गेली." तिलाही हे पाठ होतं.

निजामाच्या अमलातली शेवटची पाचसहा वर्षं उरली होती, त्या सुमाराची गोष्ट. किसनराव हळद घेऊन हिंगोलीच्या बाजाराला गेला होता. तिथं त्याचं कसलंसं कोर्टाचं कामही अडकलं होतं, म्हणून मुक्काम लांबला. रानात चतुराबाई एकटी. दिवस कलायला आला होता. माळावर ऊन पिवळं पडलं होतं. थंडी पडू लागली तसा उत्तरेकडून थवा आला. एवढा मोठा तिनं आजवर पाहिला नव्हता.

"या, मेल्यांनो, तुमचा बाप बसलाय हितं," असं म्हणून तिनं गोफणीत गुंडा भरला आणि ती डोक्याभोवती गरगरा फिरवायला लागली. थवा रानावर आला, वळला, पुन्हा वळला. पाखरं एवढी, पण वळताना एकमेकांना धक्का नाही, हुकूम देणारं कोणी नाही. गोफण डोक्यावर फिरत होती, थवा रानावर फिरत होता. खाली वाऱ्यानं ज्वारी एका बाजूला झुकायची आणि पुन्हा उभी राहायची. गोफणीचं एक टोक सोडायची वेळ झाली. तिचा हात ते टोक सोडेना.

ती किती वेळ तशी फिरवत राहिली, तिलाही सांगता आलं नाही. एवढंच कळलं की फिरवणारी कुठं दिसेना. हात होता, पण तो तिचा म्हणावा असा राहिला नव्हता. जो वारा ज्वारीत शिरत होता तोच तिच्या छातीत शिरत होता आणि तोच त्या पाखरांच्या पंखाखाली होता. आयुष्यभर जिला सगळ्यांनी बाजूला ठेवली, तिला त्या घडीला बाजू अशी उरलीच नाही. मग गोफण आपोआप थांबली, गुंडा पायाशी पडला. चतुराबाई शिडी उतरून खाली आली, काळ्या मातीवर पालथी पडली आणि हमसून हमसून रडली. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. हे रडणं दुःखाचं नव्हतं. एवढा आनंद कुठं ठेवावा हे तिला माहीत नव्हतं, म्हणून ते रडणं.

दुसऱ्या दिवशी ती माळ्यावर चढली. थवा आला. तिनं गुंडा भरला, हात उचलला आणि वाटलं, हा सुटला तर आपलाच डोळा फुटेल. तिनं नुसतं ओरडून पाहिलं, तर घशातून आवाज फुटेना. पाखरं रानात उतरली आणि ती बघत राहिली.

आता कुणी म्हणेल, घरच्या लेकरांच्या तोंडचा घास पाखरांना चारला, यात कसली आली थोरवी? बरोबर आहे. मीही थोरवी म्हणत नाही. तिलाही ते कळत होतं. मनकर्णाची लेकरं वर्षभर काय खातील, हा विचार तिला सोडत नव्हता. ती घरी येऊन जावेला म्हणालीही, "माझ्यानं राखन व्हईना झाली. दुसरं कोनी बसवा माळ्यावर."

मनकर्णा खेकसली, "फुकटचं गिळायला व्हतंय, राखायला व्हईना काय? सोंगं बंद करा बाई."

कोणी बसवलं नाही. किसनराव परत आला तेव्हा अर्ध्याहून जास्त रान चिपाडासारखं उभं होतं. कणसं होती, दाणे नव्हते. माळ्यावर भावजय मांडी घालून बसलेली आणि तिच्या भोवती पाखरं बिनघोर चरत होती. किसनरावानं तिला दंडाला धरून खाली ओढली आणि सगळ्या रानातून फरफटत वाडीत आणली. मनकर्णानं केरसुणी घेतली. लोक जमले. कोणी मध्ये पडलं नाही. उलट ज्यांचा ज्यांचा तिनं कधी शिव्यांनी उद्धार केला होता, त्यांनी त्या दिवशी जुना हिशेब चुकता केला.

"काहून राखलं न्हाई? बोल! काहून?" किसनराव ओरडत होता.

ओठातून रक्त येत होतं. ती म्हणाली, "भाऊजी, मी तिथं नव्हतेच. म्हंजी व्हते, पन समद्यात व्हते. पाखरात बी मीच, कनसात बी मीच. कुनी कुनाला मारावं?"

आपल्याकडे माणूस असं काही बोललं की त्याचा एकच अर्थ लावतात. अंगात आलं! वाडीचा भगत होता दगडोबा. त्यानं पुढं येऊन तिचे डोळे बघितले आणि मान डोलावली. "मरीआई हाय. आईनं धरलीय हिला. किसनराव, हात आवर, न्हाई तर वाडी साफ व्हईल."

झालं! ज्या हातांत केरसुणी होती, ते हात जोडले गेले. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, पण ते उलटेही फिरतात आणि तेही तितक्याच बेशरमपणे. मनकर्णानं त्या रात्री तिला ताटात गरम भाकरी वाढली, वर लोणी. मंगळवारी मरीआईच्या ठाण्यावर बसवायचं ठरलं. एकदा आईचं झाड, म्हणजे आई जिच्या अंगात येते ती, म्हणून मान्यता मिळाली की पाखरांनी खाल्लेलं रान आईला गेलं म्हणायचं, घरी नारळांची रास लागायची, आणि आईच्या झाडाला तर विधवापण नसतं. कपाळ भरून मळवट, हातात हिरवा चुडा. तिला पडवीतून माजघरात घ्यायचं, हेही किसनरावानं कबूल केलं.

तिचं म्हणणं कोणी विचारलं नाही. सोमवारी संध्याकाळी किसनराव एकटा पडवीत आला. मारून झाल्यावर पहिल्यांदाच तिच्याशी नीट बोलत होता.

"वयनी, उद्या दगडोबा इचारंल, कोन हायेस. तुमी फकस्त म्हना, मी मरीआई. दुसरं काई बोलायचं न्हाई."

"पन ती आली न्हाई, भाऊजी."

"कोनाला ठावं हाय? एवढं एक म्हना आन् जलमभर घरात ऱ्हावा. न्हाई म्हनलात, तर मला बी लोकायच्या म्होरं तोंड हाय. मंग माझ्या उंबऱ्यात पाय ठिवू नका."

ती रात्रभर विचार करत राहिली असं सांगून मी तिला मोठं करणार नाही. तिला हवं होतं ते. माजघराची ऊब हवी होती, लोणी हवं होतं. आणि चुडा! नवऱ्याच्या प्रेताशेजारी वाडीतल्या बायांनी तिचे हात धरून दगडावर बांगड्या फोडल्या होत्या, त्या काचा तिला अजून रुतत होत्या. मंगळवारी ती आपल्या पायानं ठाण्यावर गेली, ती हो म्हणायचं ठरवूनच.

हलगी कडाडत होती. लिंबाचा पाला, कापूर, माणसांची दाटी. तिला पाटावर बसवलं. मनकर्णानं स्वतःच्या हातानं तिच्या कपाळाला मळवट भरला. कुंकवाचा तो थंड, ओला स्पर्श झाला आणि चतुराबाईचे डोळे भरून आले. हलगी थांबली.

दगडोबानं लिंबाचा डहाळा हलवून विचारलं, "कोन हायेस तू? बोल आई, बोल!"

ठाण्यावरच्या लिंबाचा पाला वाऱ्यानं सळसळला. तेवढंच झालं. पण तोच वारा तिला छातीत ओळखू आला. ज्या घटकेत कोणी लहान नव्हतं, कोणी मोठं नव्हतं, तिच्यावर आता हे देवपणाचं कुलूप घालायचं? मग तर ती पुन्हा सगळ्यांपासून बाजूलाच होणार. पडवीऐवजी पाटावर, एवढाच फरक. सगळं आयुष्य खोटं गेलं, एक संध्याकाळ तेवढी खरी होती.

"मी चतुरा," ती म्हणाली. "माझ्या अंगात कोनी आलं न्हाई. मीच बाहीर गेले व्हते."

"नीट बोल, आई!" दगडोबा दरडावून म्हणाला.

"आई न्हाई म्या. रांड हाय, तुमी म्हनता तीच. पन तुमी बी बाहीर या रे कधी. लई मोठ्ठं हाय तिथं."

आणि तिनं पदर घेऊन मळवट पुसून टाकला. पहिल्यांदा कुंकू पुसलं होतं ते इतरांनी. या वेळी तिनं स्वतःच्या हातानं पुसलं. मनकर्णा किंचाळली. लोकांना रान गेल्याचा जेवढा राग आला नव्हता, तेवढा याचा आला. वेडी चालते, देवी चालते, पण दोन्ही नाकारणारी बाई कोणाला चालत नाही. दगड सुरू झाले तशी ती शिवेच्या बाहेर गेली. किसनरावानं पडवीतलं तिचं गाठोडं उकिरड्यावर फेकलं. गुंड्यांची टोपली मात्र ठेवून घेतली. उपयोगाची होती.

माळावरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात पेमा नावाचा म्हातारा होता. त्याची बैलं आणि त्यांच्या पाठीवर माल वाहायची लदेणी कधीच सुटली होती, आता कोरडवाहू करत होता. त्याच्या झोपडीमागं मोडका आडोसा होता, तिथं ती राहिली. पेमानं तिला देवी म्हटलं नाही की वेडी म्हटलं नाही. काम दिलं, भाकरी दिली. निजामाचं राज्य गेलं त्याच साली तीही गेली. वाडीत तेव्हा मिरवणूक चालू होती. कोणी आलं नाही. तांड्यानंच तिला अग्नी दिला.

पण मला सांगायची आहे ती तिला हाकलल्यानंतरच्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ. पेमा तिथं गुरं वळत होता, त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं. ती रोज दिवस कलताना किसनरावाच्या बांधावर येऊन बसायची. कणसाला हात लावायची नाही, नुसती आभाळाकडे बघायची. माळ्यावर आता किसनराव स्वतः असायचा, कारण दुसऱ्या कुणाचा त्याला भरवसा नव्हता. त्या दिवशी थवा आला. खाली बांधावर भावजय तोंड वर करून हसताना दिसली आणि त्याचं डोकं फिरलं. त्यानं गोफण थव्यावरून वळवली आणि बांधाकडे सोडली.

गुंडा तिच्या उजव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज पेमाला ऐकू आला. तो हात नंतर कधी वर गेला नाही. ती कोलमडली, मग डाव्या हातानं मातीत चाचपून तिनं तो गुंडा उचलला. त्यावर वाकडा व्रण होता. तिच्याच तळहाताचा.

किसनराव शिव्यांची वाट बघत उभा राहिला. त्याला शिव्या हव्या होत्या. चतुराबाईनं गुंडा छातीशी धरला, वर बघितलं आणि रडत ओरडून म्हणाली,

"भाऊजी, लई लागतं हो! पाखरायला असंच लागत व्हतं. मला ठावंच नव्हतं."

किसनरावानं टोपलीत हात घातला आणि दुसरा गुंडा भरला.