पक्क्या फरशीवरच्या चार कोंबड्या

इंदूरला पलासियाच्या एका क्लिनिकमध्ये मी बावीस वर्षं ड्रेसिंगचं काम करते. शुगरच्या पेशंटचे पाय, भाजलेले हात, ऑपरेशनचे टाके. मी बांधलेली जखम सहसा चिघळत नाही, आणि चिघळलीच तर दोष पेशंटचा निघतो, कारण काढणारी मीच असते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी दया यायला नको.

आई गेल्यावर बाबांना महूहून माझ्याकडे इंदूरला आणलं. बाबा फौजेत ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यावरही त्यांनी महू सोडलं नव्हतं. यायला तयारच होईनात. शेवटी म्हणाले, "येतो, पण कोंबड्या बरोबर येतील." चार गावरान कोंबड्या, आईनं पिल्लांपासून वाढवलेल्या. आई गेल्यापासून बाबा माणसांशी कामापुरतंच बोलायचे. बाकी जे काही बोलायचं ते त्या चौघींशी. मी म्हटलं, "आणा, पण माझ्याकडे घाण चालायची नाही."

गच्चीवर जाळीचं खुराडं करून घेतलं. बाबांनी महूच्या अंगणातली एक पोतं माती आणि एक पोतं भुसा बरोबर आणला होता. ते सगळं त्यांनी हातानं पसरलं, चांगलं वीतभर. कोंबड्या लगेच उकरायला लागल्या. चार दिवसांत माश्या आल्या आणि माझं डोकं फिरलं. आधीच मला नाकानं कांदे सोलायची सवय, त्यात आमचं शहर असं की दारात कागद पडला तरी शेजारीण खोकते. रविवारी बाबा बुद्धविहारात गेले आणि मी सगळं झाडून काढलं. भुसा कचरागाडीच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. गाडीवाला म्हणाला, "दीदी, मिट्टी नहीं चलेगी," म्हणून माती गुलाबाच्या कुंड्यांत भरली. मग खाली राहिलेली सिमेंटची फरशी फिनाईल टाकून ब्रशनं घासली.

बाबा वर आले, बघत उभे राहिले. "बेटा, यांना पायाखाली माती लागते."

"बाबा, हे इंदूर आहे. महूचं अंगण नाही."

पेशंटच्या नातेवाइकांशी मी ज्या आवाजात बोलते, त्याच आवाजात बोलले. लेकीच्या घरी राहणारा बाप फार वाद घालत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्याचा मी फायदा घेतला.

दोन-अडीच महिन्यांनी तांबडी कोंबडी लंगडायला लागली. उचलून पाहिलं तर तळवा सुजलेला, मधोमध काळी खपली. खरं सांगते, मला बरंच वाटलं. हे तर माझंच काम. कोमट मिठाच्या पाण्यात पाय भिजवला, खपली सैल करून काढली. माणसाचा पू वाहतो, कोंबडीचा घट्ट गोळा होतो, पनीरच्या तुकड्यासारखा. तो काढला, आयोडीन लावलं, मलम लावलं, बोटांच्या मधून पट्टी फिरवून बांधली. बाबा कोंबडीला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या डोळ्यांवर तळहात धरून तिच्याशी हळू काहीतरी बोलत होते. काम झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "हात हलका आहे तुझा." त्या दिवशी मी फार खुशीत होते.

दर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग. सूज उतरायची, परत यायची. मग दुसरी लंगडली. मी फिनाईल दिवसातून दोन वेळा केलं. फरशी कधी कोरडीच होईना. बाबा एकदा परत म्हणाले, "माती टाकून बघू का?" मी फटकन म्हटलं, "बावीस वर्षं मी काय भाजी निवडतेय का?" त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. तांबडीची सूज पायावर चढली, तिनं दाणे सोडले आणि ती मेली. आठवड्यानं दुसरी.

तिसरीला टोपलीत घालून मी आणि बाबा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं आधी पट्टी पाहिली. "किसने बांधी? बढ़िया बांधी है." मग पट्टी सोडून तळवा पाहिला आणि विचारलं, कोंबड्या ठेवता कुठे. मी ऐटीत सांगितलं, गच्चीवर, एकदम साफ, रोज दोनदा फिनाईलनं धुते.

त्यानं पेन खाली ठेवलं. "मैडमजी, यही तो बीमारी है. पक्का फर्श, ऊपर से गीला. कूदती है, तलवा छिल जाता है. आप पट्टी करके फिर उसी पे छोड़ देती हो. मिट्टी डालो, भूसा डालो, सूखा रखो, बैठने का डंडा नीचे बांधो."

बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. ऑटोत मी वाट बघत होते की आता म्हणतील, मी सांगितलं होतं. म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं. ते टोपलीवर हात ठेवून रस्ता बघत बसले.

त्याच दिवशी मी नर्सरीतून माती आणली, भुसा आणला, वीतभर पसरला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. तिसरी दोन दिवसांत गेली. चौथीचा पाय तोवर सुजलेलाच होता. ती बऱ्या पायावर तोल धरून एक दिवस माती उकरत होती, ते बघून मला वेडी आशा वाटली. चार दिवसांनी तिचं ड्रेसिंग करताना माझ्या बोटांखाली पाय थंड पडला. बाबांचा तळहात तिच्या डोळ्यांवर होता, आणि ते बोलतच होते.

मी म्हटलं, "बाबा, गेली."

"माहीत आहे," म्हणाले. हात काही काढला नाही.

नंतर बाबा गच्चीवर जाईनासे झाले. खिडकीपाशी खुर्ची, दोन वेळची पोळी, टीव्हीही नको. दिवसाला चार शब्द. मला ते बघवेना. स्वतःचा इतका राग यायचा की क्लिनिकमध्ये पेशंटवर निघायचा. शेवटी मी महूच्या हाटातून दोन तरण्या कोंबड्या आणल्या आणि टोपली त्यांच्यापुढे ठेवली. वर माती तयार होती, बसायचा दांडाही खाली बांधला होता, सगळं डॉक्टरनं सांगितलं तसं.

बाबांनी एकीच्या पाठीवरून बोट फिरवलं. "चांगल्या आहेत. ज्याच्याकडून आणल्यास त्याला देऊन ये."

"बाबा, आता तुम्हाला विचारून करीन. सगळं तुमच्या मनासारखं करीन."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तू पट्टी चांगली बांधतेस बेटा. पण तुझ्या हाती जीव द्यायची मला भीती वाटते. एक मी आहे, तेवढा पुरे."

मी टोपली उचलली आणि जिना उतरले.