पुढच्या डाव्या टायरची कड

श्रीकांत गेल्याचा फोन मला इक्बालभाईंकडून आला. आगरदांड्याच्या फाट्यावर त्यांचं टायरचं दुकान आहे. त्या सोमवारी सकाळी श्रीकांत तिथल्या स्टुलावर बसून चहा पीत बोलत होता. बोलता बोलता एका बाजूला कलला... आणि संपलं. आता दोन महिने होत आले. खोटं कशाला लिहू, रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की शेवटचं बोलणंसुद्धा नवऱ्याने त्यांच्याशीच केलं.

मुरुडमध्ये तीस वर्षं त्याचा दातांचा दवाखाना होता. पेशंटचं तोंड उघडं आणि डॉक्टरांचं बंद, असं गावात गमतीने म्हणत. घरीही तेच. भाजी कशी झालीय, तर 'हं'. भाचीचं लग्न ठरलं, तरी 'हं'. अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर अलिबागच्या एका बंगलेवाल्याकडून जुनी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. दोन-तीन महिन्यांतून एकदा तो घाट चढून शर्यतीच्या ट्रॅकवर जायचा. त्या दिवशी शर्यत नसते, हौशी लोक आपापली गाडी घेऊन फेऱ्या मारतात. मैत्रिणी गाडीला माझी सवत म्हणायच्या. गाडीचं मला कधी काही वाटलं नाही. मी जळायचे ते इक्बालभाईंवर.

ट्रॅकवरून परतला की घरी यायच्या आधी तो फाट्यावर थांबायचा. एकदा गावातून येताना मला त्याची गाडी तिथे दिसली, म्हणून मीही थांबले. इक्बालभाई उकिडवे बसून पुढच्या डाव्या टायरवर तळवा फिरवत होते. त्या ट्रॅकवर बहुतेक वळणं उजवीकडची, त्यामुळे सगळा भार डाव्या बाजूवर येतो आणि त्या टायरची बाहेरची कड खाल्ली जाते. मधली नक्षी नव्यासारखी आणि कडेला टक्कल. हात आत नेला तर गुळगुळीत, बाहेर ओढला तर करवतीसारखी लागते. ते म्हणाले, "डॉक्टर, जोरात आत शिरलात आणि मग स्टेअरिंग ओढलंत. सगळ्या वळणांना तेच. डोक्यात काय होतं?"

"आईचं ऑपरेशन," श्रीकांत म्हणाला. आणि मग अर्धा तास बोलत राहिला, हातवारे करून. सासूबाईंच्या ऑपरेशनची त्याला इतकी धास्ती वाटते, हे मला टायरच्या दुकानात उभं राहून कळलं. त्यानंतर मीही घरी गाडीच्या शेडमध्ये जाऊन गुपचूप टायरवर हात फिरवून पाहिला. हात काळा झाला, बाकी काही नाही.

त्या शेवटच्या खेपेला मी हट्टच धरला, मलाही ने. आदल्याच आठवड्यात चारही टायर नवे टाकले होते. रविवारी त्याने मला हेल्मेट घातलं, पट्टा स्वतः ओढून पाहिला आणि गाडी अशी चालवली की मागचे सगळे एकेक करून आम्हाला ओलांडून गेले. फेऱ्यांवर फेऱ्या, आणि माझ्या मांडीवरची पाण्याची बाटली एकदाही घरंगळली नाही. परतताना माझा तोल सुटला. मी म्हणाले, "खरं काय ते इक्बालभाईंना दाखवायचं, आणि मला पाहुणीसारखं फिरवून आणायचं." तो 'हं' म्हणाला. सोमवारी सकाळी मी त्याच्यापुढे चहा ठेवला तो न बोलता. कप तसाच टाकून तो गाडी घेऊन बाहेर पडला. पुढचा चहा त्याने फाट्यावर घेतला.

गाडी इक्बालभाईंनीच हळू चालवत आणून शेडमध्ये लावली. तो शेवटी काय बोलत होता, हे मला त्यांना विचारायचं होतं. विचारलं नाही. माझा नवरा काय म्हणाला, हे मी त्यांच्याकडून ऐकायचं?

गेल्या आठवड्यात ते आपणहून आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत, सरळ शेडमध्ये गेले. "भाभी, इथं हात लावा." पुढच्या डाव्या टायरच्या कडेवर नव्या रबराला असतात तसे बारीक केस होते. "जोरात एक फेरी मारली तरी हे उडतात. डॉक्टरांच्या टायरवर कधी राहिलेच न्हाय. त्या दिवशी मी म्हटलं, ट्रॅकवर गेलात की हवा खायला? तर हसले. म्हणाले, ती शेजारी बसली होती, इक्बाल. त्या मोठ्या वळणावर जांभळीचं झाड आहे, इतक्या वर्षांत काल पहिल्यांदा दिसलं."

मी तिथेच खूप रडले. आणि रडतानाच तो जुना जळफळाट पुन्हा उसळून आला. अरे, शेजारीच बसले होते ना मी? मला दाखवायचंस की ते झाड.

इक्बालभाई चाचरत म्हणाले, गाडी विकणार असाल तर हा टायर मला आठवण म्हणून द्याल का? भला माणूस आहे. श्रीकांतला त्यांनी माझ्याहून जास्त ऐकलं. मी नाही म्हणाले.

गाडी विकलेली नाही. भाचा म्हणतो, मावशी, एक चक्कर तरी मारून आणतो, नाहीतर बॅटरी उतरेल. उतरू दे. सकाळी चहाचा कप घेऊन मी शेडमध्ये बसते, त्या कडेवरून हलकेच अंगठा फिरवते. इक्बालभाईंना निरोप पाठवलाय, बाकीचे तीन टायर खुशाल घेऊन जा. हा माझा आहे.