फुसाएचा डावा खांदा

फुसाए कुरामोचीचा डावा खांदा आमच्या घरचाच झाला होता. चार वर्षांत पाच वेळा निखळला आणि पाचही वेळा माझ्या नवऱ्यानं बसवला. ज्यूदो शिकवणाऱ्यानंच हाडं बसवायची, ही इकडची, जपानातली जुनीच रीत. त्याच्या दवाखान्याच्या दारात बसून मी नावं लिहून घेते. तिचं नाव विचारायचं मी कधीच सोडलं होतं.

फुसाए शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचा भात शिजवते. वय त्रेचाळीस, पट्टा काळा आणि खोड एकच: पाठीवर पडायचं नाही. पाठ टेकली की हार, म्हणून पडता पडता ती हात खाली रोवायची. हार टळायची, खांदा जायचा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत.

पाचव्या वेळी शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी एकदा निखळला तर ज्यूदो बंद. आमच्या बाकावर बसून ती ढसाढसा रडली. तिचा नवरा गेल्यापासून तालमीखेरीज तिला दुसरं काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "पडायला काय जातं गं तुझं?"

माझ्या नवऱ्यानं तिला सहा महिने नुसतं पडायला लावलं. पांढऱ्या पट्ट्याच्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत ही बाई. ती पोरंच तिला शिकवायची, "काकू, हनुवटी छातीला लावा, हात रोवू नका, चटईवर थाप मारा."

जानेवारीत थंडीचा सराव असतो, दहा दिवस, पहाटे साडेपाचला. शेवटच्या दिवशी लढती आणि मग लाल चवळीचं गोड कढण. त्या दिवशी नवऱ्यानं तिला लढायला सोडलं. मी पातेल्यापाशी उभी होते आणि माझ्या खिशात हात गळ्यात अडकवायचं तिकोनी फडकं होतं. माझा विश्वास नव्हता, खोटं कशाला बोलू?

बँकेतल्या चिहारूनं तिला खांद्यावर उचलून फेकलं. फुसाएचा डावा हात खाली निघाला आणि मी डोळे मिटले. मग चटईवर अख्ख्या हाताची सणसणीत थाप ऐकू आली.

फुसाए पाठीवर पडली होती, छताकडे बघत.

"गुरुजी," ती म्हणाली, "हरले. खांदा जागेवर आहे."

"मग ऊठ की, चिहारू नमस्काराला थांबलीय," नवरा म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला.

कढण उकळलं होतं. मी खिशातलं फडकं काढलं, त्याच फडक्यानं पातेल्याचे तापलेले कान धरून ते उतरवलं आणि पहिला वाडगा हरलेल्या बाईला दिला. तिनं तो डाव्या हातानं घेतला.